जिप्सी किंगचं जाम इंजिन घरच्या अंगणात बदलायचंय, सल्ला हवा

कोलशेतकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून लिहितोय.

मामांची १९९७ची मारुती जिप्सी किंग माझ्याकडे आली आहे. कार्ब्युरेटरवाली, एमएच-०४, कॅनव्हासचं हूड. गुडघ्यांमुळे मामांनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हापासून ती कोलशेत गावातल्या घराच्या पडवीला लागून उभी होती. पत्र्याला गंज आहे, पण चासी हातोडीने ठोकत पूर्ण फिरलो, कुठे भुसभुशीत लागली नाही. कागद चालू आहेत, पुनर्नोंदणी मामांनी वेळेवर करून ठेवली आहे.

अडचण एकच. इंजिन फिरत नाही. नवी बॅटरी टाकली, किल्ली फिरवली की टक् असा एक आवाज आणि दिवे मंद. मामा म्हणतात, शेवटी चालवली तेव्हा "जरा गरम होत होती". त्यांचं जरा म्हणजे किती, हे आम्ही घरचे ओळखून आहोत.

दोन गॅरेजवाल्यांना दाखवली. एकाने बॉनेट उघडायच्या आधीच "सीझ आहे, भंगारात काढा" सांगितलं. दुसऱ्याने फुल इंजिन कामाचा जो आकडा सांगितला तो ऐकून मामी आत निघून गेल्या. तर आता घरीच करायचं ठरवलंय. अंगण मोठं आहे, आंब्याची जाडजूड फांदी नेमकी वर आहे, चेनपुली भाड्याने मिळते, भाऊ आणि चुलतभाऊ आहेत. दुसरं इंजिन कुठून घ्यावं? मारुतीच्याच एस्टीम गाडीचं बसतं म्हणतात ते खरं का? आणि आरटीओत काय करावं लागतं?

गोटीपाना
अभिनंदन! गाडी चांगली निवडलीत, म्हणजे तिने तुम्हाला निवडलं. घरी इंजिन काढायला जिप्सीइतकी सोपी गाडी नाही. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी असते, मधे छोटा शाफ्ट. त्यामुळे गिअरबॉक्स जागेवर ठेवून नुसतं इंजिन पुढून वर निघतं. जी-१३ म्हणजे या इंजिनाचा ब्लॉकही (मुख्य सांगाडा) ॲल्युमिनियमचा, महिंद्राच्या डिझेलसारखं धूड नाही.

पण फांदीचं नाव काढू नका. फोरमनकाका वाचत असतील तर आता येतीलच.

निवृत्त_फोरमन
आलो. एसटीच्या वर्कशॉपमधे जन्म गेला, फांदीला टांगलेलं इंजिन आणि त्याखाली माणूस हे दोन्ही पाहिलंय. वर्णन करत नाही. आंबा बाहेरून हिरवागार आणि आतून भिरूड लागलेला असतो. फांदी आधी करकरते वगैरे काही नाही, एकदम येते. घरातल्या बीमच्या पंख्याच्या हुकालाही हात लावायचा नाही. भाड्याने इंजिन क्रेन मिळते ती आण, नाहीतर पाइपची तिवई आणि एक टनाची चेनपुली. खाली जमीन कच्ची असेल तर पायांखाली फळ्या टाक.

आता मुद्द्याचं. "इंजिन जाम" हे निदान नव्हे, ती तक्रार झाली. पेशंट म्हणतो पोटात दुखतंय, म्हणून कोणी लगेच पोट फाडत नाही. कुठे जाम आहे ते आधी शोध. या क्रमाने कर:

बॅटरीची निगेटिव्ह काढ. स्टार्टर उतरवून बाजूला ठेव, कधीकधी स्टार्टरचं दातेरी चाक फ्लायव्हीलमधे अडकलेलं असतं आणि लोक इंजिन विकून मोकळे होतात. फॅनबेल्ट सैल कर, अल्टरनेटर आणि वॉटर पंप हाताने फिरतात का बघ. क्लच दाबून धरायला एकाला बसव. चारही प्लग काढ. मग क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी (सॉकेट) लाव, लांब दांडा लाव आणि हळू जोर दे. पुढे नाही, आधी मागे. किंचित जरी हललं तरी तिथेच थांब आणि इथे लिही.

नाहीच हललं तर टायमिंग बेल्ट उतरव. मग वरचा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वेगळा, खालचा पिस्टनांना जोडलेला क्रँक वेगळा. या इंजिनात कॅमशाफ्ट थेट ॲल्युमिनियमच्या हेडमधे (ब्लॉकवरच्या झाकणात) फिरतो, त्याला वेगळी बेअरिंग नाही. तेल कमी पडलं की कधीकधी तोच धरतो आणि खालचं इंजिन बिचारं ठीक असतं. तसं निघालं तर नुसतं हेड बदलून सुटशील.

सेक्टर_दहा
अंगण असलेल्या लोकांचा हेवा वाटतो. आमच्या नेरुळच्या सोसायटीत पार्किंगमधे टायर बदलला तरी सेक्रेटरी वरून खाली येतात.

गोटीपाना
सेक्टर_दहा, सेक्रेटरी तुम्हीच आहात ना?

सेक्टर_दहा
म्हणून तर माहीत आहे.

रविवारची_भटकंती
काका, प्लगच्या भोकातून काही ओतून ठेवायचं का? बरीच वर्षं उभी गाडी आहे, रिंगा बोअरला गंजून चिकटल्या असतील. आमच्या एकाची असंच करून सुटली होती.

निवृत्त_फोरमन
बरोबर. अर्धं रॉकेल किंवा डिझेल, अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल, प्रत्येक भोकात थोडं. प्लग नुसते टेकवून ठेव आणि काही दिवस विसरून जा. रोज एकदा बोल्टवर मागेपुढे जोर द्यायचा, झटके नाहीत. उभ्या उभ्या जाम झालेलं इंजिन याने पुष्कळदा सुटतं. चालता चालता जाम झालेलं सहसा सुटत नाही, आणि सुटलं तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. यातलं कुठलं आहे ते तेल सांगेल. चेंबरचा (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीचा) नट काढ, तेल पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टबात घे, काळ्या घमेल्यात नको. दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. चकाकत असेल तर बेअरिंग.

कोलशेतकर
सांगितल्याप्रमाणे केलं. फांदी रद्द. मामांनाही सांगितलं, त्यांना वाईट वाटलं, क्रेनपेक्षा आंब्यावर त्यांचा जास्त विश्वास आहे.

स्टार्टर ठीक. अल्टरनेटर, पंप फिरतात. प्लग बाहेर काढले तर चारही कोरडे, गंज नाही. भोकातून तेल घालून ठेवलं, रोज जोर लावला, जराही हललं नाही. मग टायमिंग बेल्ट काढला. कॅम दोन बोटांनी पुली धरून फिरला, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर सोडला तर मोकळा आहे. क्रँक मात्र दगड.

नंतर तेल काढलं. उन्हात टब तिरका केल्यावर तळाला सोनेरी-करडी पूड सरकताना दिसली. बोटावर घेऊन चोळली तर चमकी बोटाच्या रेषांत बसली, साबणाने जाईना. पाणी मिसळल्याचं चिन्ह नाही.

निवृत्त_फोरमन
मग चालता चालता गेलंय. बेअरिंग. आता चेंबर उतरव आणि बघ कोणतं. चासीला मागे-पुढे घोड्या लाव, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. पुढचा ॲक्सल खाली लोंबू दे, पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोड, म्हणजे चेंबर निघायला वाट मिळेल. चेंबर निघाल्यावर सगळ्यात आधी ऑइल पिकअपच्या (चेंबरमधून तेल ओढणाऱ्या नळीच्या) जाळीचा फोटो टाक. बेअरिंग नंतर.

गोटीपाना
जाळी का आधी?

निवृत्त_फोरमन
कारण इंजिन का मेलं ते कळल्याशिवाय दुसरं बसवलंस तर तेही त्याच वाटेने जाईल. लोक हजारो रुपये घालून इंजिन बदलतात आणि जुना चोंदलेला रेडिएटर तसाच पुढे लावतात. मग म्हणतात भंगारवाल्याने फसवलं.

कोलशेतकर
काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

जाळीवर लाल सिलिकॉनच्या शेवया होत्या. अक्षरशः. कोणीतरी पूर्वी चेंबर उघडून पॅकिंगच्या जागी सिलिकॉनचा जाड थर लावला होता, तो कडेने आत दाबला गेला, तुटला आणि खेचला जाऊन जाळीत बसला. जाळीचा तीन चतुर्थांश भाग बंद. मामांना विचारलं, तर कोणे एके काळी तेल गळत होतं म्हणून एका गॅरेजात "पॅकिंग केलं होतं". नाव-गाव आता आठवत नाही, बरंच झालं.

पाची मेन बेअरिंगच्या कॅपवर छन्नीने हलक्या खुणा करून एकेक सोडली. पहिली, दुसरी ठीक, थोडे ओरखडे. तिसरी कॅप सुटता सुटेना. लाकडी ठोकळ्याने दोन्ही बाजूंनी ठोकत काढली तर शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) कॅपमधे नाहीच, क्रँकच्या जर्नलला (बेअरिंगमधे फिरणाऱ्या गुळगुळीत भागाला) गुंडाळून चिकटलेला. जर्नल निळा-जांभळा. शेल जागेवरून फिरल्यामुळे ब्लॉकमधली अर्धगोल बसकही खरवडली आहे, नख अडकतं. फोटो टाकतोय.

पत्राशेड
रबाळे एमआयडीसीत आमचं लेथ आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम आहे, त्यामुळे धंद्याच्या विरुद्ध बोलतोय असं समजा. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग टाकता आलं असतं, निळा पडलेला जर्नलही कधीकधी तपासून वापरता येतो. पण बसक खरवडली तर पाची बसका एका रेषेत आणण्यासाठी लाइन बोअरिंग लागतं. ओतीव लोखंडी ब्लॉकवर ते बिनधास्त करतो. ॲल्युमिनियमच्या या ब्लॉकवर करून द्यायचं म्हटलं तर मी तरी हमी देणार नाही. माझ्याकडे आणलंत तर मी घेणार नाही, आणि जो लगेच घेईल त्याच्याकडे देऊ नका.

चारबायचार
म्हणजे ब्लॉक बाद. मग एस्टीमचं टाका ना, विषयच संपला. इंजिन तेच, जी-१३, १२९८ सीसी. मिळतातही बक्कळ.

गोटीपाना
इंजिनाचं कुळ तेच, पण एस्टीममधे ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. जिप्सीत उभं, आणि चेंबरच्या खालून पुढचा ॲक्सल जातो. म्हणजे एस्टीमचं आणलं तरी चेंबर, ऑइल पिकअप, डिपस्टिकची नळी, फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर टेकतं त्याचे) ब्रॅकेट, मॅनिफोल्ड, पाण्याच्या नळ्या, फ्लायव्हील हे सगळं जिप्सीचंच चढवावं लागतं. अशक्य नाही, कित्येकांनी केलंय. पण कोलशेतकरांचं पहिलंच इंजिन आहे. आणि १९९९-२००० नंतरचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शनवालं) घेऊन बसलात तर संगणक, वायरिंग, टाकीतला पंप... दिवाळी इथेच.

चारबायचार
मग जिप्सीचं जुनं इंजिन आणा आणि त्याच्यावर आपला जुना नंबर पंच करून घ्या. कुर्ल्यात शंभर जण करून देतात. आरटीओची भानगडच नको.

एजंटनको
हे वाचून लॉगिन केलं. असलं काही चुकूनही करू नका. इंजिन नंबर घासून दुसरा ठोकणं हा थेट गुन्हा आहे. चोरीच्या गाड्या अशाच पचवल्या जातात, त्यामुळे तपासणीत घासलेला नंबर दिसला की तुमची बाजू ऐकायलाही कोणी थांबत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल ते वेगळंच.

सरळ मार्ग काही कठीण नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन बसवायचं असेल तर शक्यतो आधी आरटीओकडे अर्ज करून मंजुरी घ्या. आधी घेतली नसेल तर बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. मग गाडी दाखवायची, निरीक्षक नंबर पाहतात, आरसीवर नवा इंजिन नंबर चढतो. बरोबर आरसी, विमा, पीयूसी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन नंबर लिहिलेलं खरेदीचं बिल. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मधे स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही. म्हणून जिप्सीत डिझेल, जिप्सीत मोठं इंजिन वगैरे जे व्हिडिओ बघता ते बघून सोडून द्या.

चारबायचार
बरं बाबा, मागे घेतो. पण ब्लॉक चांगला असता तर?

एजंटनको
तर मजा होती. नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक स्वतःचा ठेवून आतला क्रँक, कनेक्टिंग, हेड दुसऱ्या इंजिनाचं घातलं तर आरसीला काही फरकच पडत नाही. म्हणून जुन्या गाडीचा ब्लॉक वाचत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी वाचवावा. इथे वाचत नाही, तर कागद करा. आणि हे टाळू नका, कारण पुढे जागोजागी अडेल. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबरपाटी घ्यायची तर इंजिन नंबर विचारतात. पुनर्नोंदणीलाही गाडी बघतातच. १५ वर्षांवरच्या खासगी गाडीची पुनर्नोंदणी फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि २० वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२५च्या नियमाने १०,०००. वर पर्यावरण कर. एवढं भरून शेवटी नंबर जुळत नाही म्हणून परत पाठवलं तर कसं वाटेल?

कोलशेतकर
समजलं. जिप्सीचंच आठ व्हॉल्व्हचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, बिलासकट. कुठे शोधू?

रविवारची_भटकंती
कुर्ला, सीएसटी रोड. सकाळी जा, रविवार टाळा. दोन गोष्टी. पहिली, दुकानदार म्हणेल "चालू गाडीतून काढलंय". सगळी इंजिनं चालू गाडीतूनच काढलेली असतात, त्यामुळे तिकडे लक्ष देऊ नका. दुसरी, नंबर आधी वाचा, भाव नंतर. नंबराच्या जागी घासल्याची चमक, आजूबाजूपेक्षा वेगळा रंग किंवा वाकडेतिकडे आकडे दिसले की चहा पिऊन निघा. नंबर मिळाला की गाडी चोरीची नाही ना हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय या ऑनलाइन सेवेवर तपासता येतं. ज्याला हे करू द्यायचं नाही त्याच्याकडून घ्यायचंच नाही.

निवृत्त_फोरमन
आणि आत बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो, तो प्लगच्या भोकातून घालून बोअर बघ. उभे ओरखडे दिसले तर नको. हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरव, एकसारखं फिरलं पाहिजे, कुठे अडखळायला नको. तेलाचं झाकण उघडून खाली बघ, काळा घट्ट चिखल असेल तर मालकाने तेल बदललेलं नाही. दुकानात बॅटरी-स्टार्टर लावून कॉम्प्रेशन मोजून देत असतील तर सोन्याहून पिवळं. प्लग चारही बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. १७० पीएसआयच्या खाली कोणताही सिलिंडर नको आणि चौघांत फार फरक नको.

शक्य असेल तर चेंबर उघडून एक मेन कॅप सोडून दाखवायला सांग. तयार झाला तर समज माणूस सरळ आहे.

पत्राशेड
कॅप सोडून दाखवायला सांगितलं की निम्मे दुकानदार हसतात. उरलेल्या निम्म्यांत घ्या.

कोलशेतकर
इंजिन आणलं. कॅप सोडायला सांगितल्यावर पहिले दोघे हसलेच. तिसऱ्याने मुलाला पाना आणायला पाठवलं. शेल करडं, एकसारखं, तांबं उघडं पडलेलं नाही. बोअर स्वच्छ. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे दोन स्टड तुटलेले होते, त्यावरून भाव पाडून घेतला. पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, जुन्या गाडीच्या रद्द झालेल्या नोंदणीची झेरॉक्स. आरटीओत अर्ज टाकला आहे.

बसवायच्या आधी काय काय बदलू? बजेट आता रडवेलं आहे.

निवृत्त_फोरमन
इंजिन बाहेर असताना जे दोनशे रुपयांत होतं, ते आत गेल्यावर दोन दिवसांचं काम होतं. म्हणून कंजुषी इथे नको, हूड नंतर शिव. क्रँकचं मागचं ऑइल सील, पुढचं सील, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या गोल चकत्या (कूलंटऐवजी साधं पाणी वापरलं की त्या आतून कुजतात), क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग. चेंबर धुऊन पुसून. सिलिकॉन लावायचंच तर बोटाने पातळ रेघ, बाहेर आलेलं दिसलं तर जास्त झालं. पिकअपची जाळी नवी. आणि रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घे, तो मामांचाच आहे ना?

कोलशेतकर
हो. रेडिएटरवाल्याने वरची टाकी उघडून दाखवली, निम्म्या नळ्या मातीने बंद. म्हणजे तेल कमी आणि वर गरम, दोन्ही.

सेक्टर_दहा
जुनं तेल आणि कूलंट गटारात ओतू नका एवढीच विनंती. तिकडून सरळ ठाणे खाडीत जातं. २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे ते, २०२२मधे रामसर यादीतही आलं. जुनं तेल विकत घेणारे असतात, बंद कॅनमधे साठवून त्यांना द्या.

निवृत्त_फोरमन
सेक्रेटरी बरोबर बोलले. कूलंट तर उघडं ठेवूच नये, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

कोलशेतकर
उतरवण्याचा दिवस. लिहून ठेवतो, पुढे कोणाला उपयोग होईल.

बॉनेटच्या बिजागरीभोवती मार्करने रेघा मारून मग काढलं, त्यामुळे परत लावताना फटी जुळवत बसावं लागलं नाही. रेडिएटर, जाळी बाहेर. प्रत्येक वायरला कागदी टेप आणि नाव. चुलतभाऊ "लक्षात राहील रे" म्हणत होता, त्याच्याकडे वायरी दिल्याच नाहीत. पेट्रोलची नळी काढून तोंडाला बोल्ट ठोसला, कार्ब्युरेटर फडक्यात बांधून घरात. क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या नळ्या. सायलेन्सरच्या पुढच्या पाइपचे नट दोन दिवस तेलात भिजत ठेवले होते तरी एक तुटलाच.

गिअरबॉक्सखाली जॅक, वर लाकडाचा तुकडा. बेल हाउसिंगचे बोल्ट, मग फाउंडेशन. क्रेनचा हुक इंजिनाच्या दोन्ही मूळ कड्यांना साखळीने. सुटलं असं वाटलं तरी सुटत नव्हतं, कुठेतरी धरून होतं. भावाने खाली टॉर्च मारून बघितलं, तर बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी मागच्या बाजूला राहिली होती. ती काढल्यावर अलगद पुढे आलं आणि वर निघालं.

नवं घालताना खरा घाम निघाला. क्लच प्लेट मध्यावर ठेवायला लाकडाचा दांडा तासून घेतला होता. तरी शेवटचा बोटभर अंतराचा भाग बसेना. चुलतभाऊ म्हणाला, बोल्ट लावून आवळू, आपोआप खेचलं जाईल.

निवृत्त_फोरमन
खेचलं नाहीस ना? त्याने क्लच प्लेट वाकते किंवा बेल हाउसिंगला तडा जातो.

कोलशेतकर
नाही काका, तुमचा आवाज कानात होता. गाडी गिअरमधे टाकली, भाऊ इंजिनाला हलवत होता, मी पुढून क्रँकचा बोल्ट किंचित किंचित फिरवत होतो. एका जागी क्लच प्लेटचे आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते जुळले आणि ठप्प असा आवाज होऊन आपसूक बसलं. डॉवेल पिनाही बसल्या. बोल्ट मग हातानेच गेले.

गोटीपाना
तो ठप्प आवाज! चालू करायची घाई करू नका. प्लग बाहेर, कॉइलची वायर काढून ठेवा, स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. दिवा विझत नाही तोवर प्लग लावायचे नाहीत.

कोलशेतकर
तसंच केलं. दिवा विझायला वाटलं त्याहून वेळ लागला, तेवढ्या वेळात कोणी कोणाशी बोललं नाही. मग प्लग लावले. डिस्ट्रिब्युटर अंदाजाने बसवला होता, आधी कार्ब्युरेटरमधून फटाके उडाले. तो थोडा फिरवला आणि इंजिन चालू झालं. निळा धूर आला, बोअरमधे घातलेलं तेल होतं ते, दहा मिनिटांत साफ. पाण्याची नळी एका क्लिपला ठिबकत होती ती आवळली. तापमानाचा काटा मधे जाऊन थांबला. मामा खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, "हिचा आवाज आधी असा नव्हता." मी म्हटलं, इंजिनच आधीचं नाहीये.

निवृत्त_फोरमन
शाब्बास. पहिले काहीशे किलोमीटर दाबायची नाही, येऊरपर्यंत जा-ये कर, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधे तासन्‌तास उभी ठेवू नको. मग तेल आणि फिल्टर बदल, पुन्हा पांढऱ्या टबात घे आणि बघ. चमकी नसली की झालं.

एजंटनको
आरटीओचं काय झालं?

कोलशेतकर
मंजुरी मिळाल्यावर बसवलं, मग गाडी दाखवली. निरीक्षकांनी बिलावरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर टॉर्चने जुळवून पाहिला, पेन्सिलचा छाप घेतला. विचारलं, कुठल्या गॅरेजात बसवलं? घरी म्हटल्यावर जरा वर बघितलं, पण फाउंडेशन, गळती, वायरिंग बघून पुढे सही केली. ऑनलाइन नवा नंबर दिसतोय. विमा कंपनीला मेल केला, पोच आली. नव्या पाटीसाठी आता नोंदणी करतोय.

तेल बदललं. टब उन्हात धरून बघितला काका, चमकी नाही.

चारबायचार
मस्त! जुन्या इंजिनाचं काय करणार? हेड चांगलं आहे म्हणालात. माझ्या जिप्सीच्या हेडला तडा आहे, कॅमसकट घेईन.

कोलशेतकर
हेड तुमचं. पण ब्लॉकवर अजून जुना नंबर आहे, तो कोणाला देणार नाही, तोडून भंगारात घालणार आणि त्याची पावती फायलीत ठेवणार. हेडसाठी कोलशेतला या, येताना रिकामा कॅन आणा, जुनं तेलही अजून कोणी नेलेलं नाही.